शिट्ट्या मोजणारा कान

लिहिताना गाणी लावावीत की शांतता हवी, हा तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दिवाळी अंकासाठी कथा लिहायला घेतली आहे, जुलैअखेर पाठवायची आहे. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत टीव्ही, वरच्या मजल्यावर सकाळी दहापासून फरशी फोडण्याचं काम. म्हणून हेडफोन घालून जुनी भावगीतं लावता, आणि तीन आठवड्यांत चारच पानं झाली आहेत. तीही वाचताना आपली वाटत नाहीत, असं म्हणालात. वर उत्तर देताना एकांनी संपूर्ण शांततेचा आग्रह धरला आहे, दुसऱ्यांनी मोझार्टचं पाश्चात्त्य संगीत सुचवलं आहे. मी बावीस वर्षं कथा लिहिते आहे आणि मधली दहा वर्षं गाणं शिकले आहे, त्यामुळे हे सगळं करून पाहिलेलं आहे. जरा सविस्तर लिहिते.

आधी भावगीतं बंद करा. बाकीचं काही पटलं नाही तरी एवढं कराच.

मलाही गाणी लावून लिहायची सवय होती. एक कथा अशीच लिहून पाठवली, ती संपादकांकडून परत आली. समासात पेन्सिलीने सात-आठ ठिकाणी एकच खूण आणि शेवटच्या पानावर एक ओळ : क्रियापदं पुढे का पळताहेत? पाहिलं तर खरंच तसं होतं. ‘आली होती ती संध्याकाळी’, ‘उभा होता तो दारात’, ‘राहून गेलं सांगायचं’. मी एरवी अशी वाक्यं लिहीत नाही. आपलं साधं मराठी गद्य क्रियापद शेवटी ठेवतं. गाण्याला चाल असते, यमक असतं, म्हणून कवी ते उचलून पुढे आणतो आणि तिथे ते शोभतं. माझी कथा एका एसटी कंडक्टरच्या बायकोची होती. ती बाई तसं कधीच बोलली नसती. पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी गाणी लावून लिहीत होते, आणि गाण्याची वाक्यरचना माझ्या हातात कधी उतरली ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

तुमची चार पानं घेऊन बसा आणि क्रियापद आधी आलेल्या प्रत्येक वाक्यावर खूण करा. पानामागे एखादं असेल तर ती तुमची शैली. पाच-सहा असतील तर ‘आपली वाटत नाहीत’ याचं कारण बरंचसं तिथेच सापडेल.

असं का होतं, यावर बराच अभ्यास झालेला आहे. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची, म्हणजे काम करताना गोष्टी थोडा वेळ मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, जी मांडणी केली, तिच्यात बोललेल्या शब्दांसाठी एक वेगळी जागा आहे. आपण मनातल्या मनात जे बोलतो ते तिथे घोळत राहतं. ही जागा लहान असते. साधारण दोन सेकंदांत उच्चारता येईल इतकंच तिथे मावतं. बाहेरून कानावर पडणारं बोलणं परवानगी न विचारता याच जागेत शिरतं. पडद्यावर दाखवलेले आकडे क्रमाने लक्षात ठेवायचे आणि मागे चाललेल्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायचं, असे प्रयोग झाले आहेत. दुर्लक्ष करा असं बजावूनही चुका वाढतात. १९७६ च्या एका प्रयोगात मागचं बोलणं जर्मनमध्ये होतं आणि ऐकणाऱ्यांना जर्मन येत नव्हतं, तरीही चुका वाढल्याच. त्यामुळे ‘न कळणाऱ्या भाषेतली गाणी लावते’ हीसुद्धा पूर्ण सुटका नाही.

आता यात माझी भर. हे कुठल्या प्रयोगातलं नाही, लिहिताना आलेला अनुभव आहे. मराठी वाक्यात कर्ता येतो, मग काळवेळ, ठिकाण, कधी एखादं अख्खं उपवाक्य, आणि अगदी शेवटी क्रियापद. ते येईपर्यंत मागचं सगळं मनात धरून ठेवावं लागतं. लांब वाक्य लिहिताना तर मी ते पुन्हा पुन्हा मनात म्हणते, कारण शेवटचं ‘होती’ कशाशी जुळायचं आहे ते विसरून चालत नाही. त्याच वेळी त्याच जागेत कुणी गात असेल तर वाक्य मध्येच तुटतं. मग आपण सोपा मार्ग काढतो : वाक्य आखूड करतो, किंवा क्रियापद आधी टाकून मोकळे होतो.

मोझार्टबद्दल थोडक्यात. १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध आला. ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा ऐकवला आणि नंतर आकृत्यांची कोडी दिली. गुण थोडे वाढले. हा परिणाम पाव तासाच्या आत ओसरला. संगीत कामाआधी ऐकवलं होतं, काम करताना नाही, आणि काम लेखनाचं नव्हतं. उलट २००१ मध्ये विद्यार्थ्यांकडून संगणकावर निबंध लिहून घेण्याचा एक प्रयोग झाला, त्यात मागे संगीत असताना लिहिण्याचा वेग मंदावला.

शब्द नसलेलं संगीत चालेल का, हा पुढचा प्रश्न. इथे उत्तर माणसागणिक बदलतं. सतार, बासरी, संतूर लावून छान लिहिणारी माणसं मला माहीत आहेत. मला ते जमत नाही, कारण मी गाणं शिकले. विलंबित एकतालाचं, म्हणजे बारा मात्रांच्या संथ तालाचं, एक आवर्तन पाऊण मिनिटाचं, कधी त्याहूनही लांब असतं. नवव्या-दहाव्या मात्रेपासूनच माझा कान समेची, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघू लागतो. कलाकार समेवर कसा येतोय, मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ, कुठून उचलतोय, इकडे मन जातं आणि पेन थांबतं. मला त्यात काही वाईटही वाटत नाही. ज्याने तो राग उभा करण्यात आयुष्य घातलं, त्याचं गाणं माझ्या कथेच्या मागे पडद्यासारखं टांगून ठेवायला मला नको वाटतं. दिवसाचं लिहून झालं की दिवा मालवून बसते आणि तासभर नुसती ऐकते. तुम्हाला गाण्याचं शिक्षण नसेल तर वाद्यसंगीत लावून पाहायला हरकत नाही, पण एकच ध्वनिमुद्रण रोज लावा. चौथ्या-पाचव्या दिवशी कान त्याच्या मागे धावायचं थांबतो.

मी स्वतः लावते तो तंबोरा. घरी मिरजेचा चार तारांचा आहे, पण तो छेडत कोण बसणार? लिहिताना इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची छोटी पेटी पुरते. प, सा, सा आणि खर्जाचा सा, बस्स. त्याला ताल नाही, मुखडा नाही, कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं असं काही नाही, त्यामुळे कानाला वाट बघण्यासारखं काहीच उरत नाही. बदलणारा आवाज लक्ष मोडतो, एकसारखा आवाज फारसा मोडत नाही, हेही त्या प्रयोगांमधून दिसलेलं आहे. पंखा किंवा संथ पाऊस यांचं काम तेच. एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. माझी गाण्याची पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर माझा सा. सुरुवातीला पेटी त्याच पट्टीत लावायचे आणि पाच मिनिटांत गळा आपोआप गुणगुणायला लागायचा. आता ती काळी एकवर लावते. तिथे माझा गळा नीट बसत नाही, म्हणून तो गप्प राहतो आणि वाक्य मनात स्वच्छ ऐकू येतं. तुम्ही गात असाल तर हे लक्षात ठेवा. नुसत्या फोनवरच्या तंबोऱ्यानेही काम भागेल, फक्त फोन फ्लाइट मोडवर टाका.

आता शांततेबद्दल.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पूर आला तेव्हा मी इथेच होते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, खाली पाणी, वीज नाही, रस्त्यावर वाहन नाही, टीव्ही नाही, पंखा नाही. इतकी शांतता या गावात मी त्याआधी किंवा त्यानंतर अनुभवलेली नाही. हातात वही होती, दिवस मोकळा होता. त्या दिवसांत मला एक ओळ लिहिता आली नाही. कान सारखा बाहेर : बोट आली का, कुणी हाक मारतंय का, जिन्यात पाणी किती पायऱ्या चढलं.

त्या दिवसांनी मला माझं रोजचं लिहिणं समजावलं. लिहिताना मला आवाजाचा जेवढा त्रास होतो, त्याहून जास्त त्रास वाट बघण्याचा होतो. घरात लिहिणाऱ्या बाईचा कान कधी पूर्ण आपला नसतोच. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायच्या असतात. दूध असतं, दाराची बेल असते, आतल्या खोलीतून सासूबाईंचा खोकला असतो. पाण्याची मोटर चालू केली तर टाकी भरल्याचा आवाज ऐकायचा असतो. हे सगळं चालू असताना मी कथेतल्या माणसाचं बोलणं ऐकायचा प्रयत्न करत होते, आणि ते ऐकू येत नाही म्हणून गाण्याला नाहीतर टीव्हीला दोष देत होते.

हेडफोनने हे मिटत नाही, उलट वाढतं. शिट्टी ऐकू येणार नाही या धास्तीने आपण दर दोन मिनिटांनी एक कान मोकळा करून बघतो. तुम्हीही करत असाल. तसं असेल तर गाणी बदलून काही होणार नाही. घरात बोलावं लागेल. मी ज्या दिवशी स्पष्ट सांगितलं की साडेपाच ते सात कुकर, बेल आणि मोटर यांचं कुणीतरी दुसऱ्याने बघायचं, त्या आठवड्यात माझं लिखाण दुप्पट झालं. टीव्ही तेव्हाही चालू होता. हे सांगायला मला अकरा वर्षं लागली, आणि त्याची हळहळ अजून वाटते. तुम्ही इतकं थांबू नका.

तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतासाठी जात. एकांताच्या सुखाबद्दल सांगताना त्यांनी सुस्वर आळवणाऱ्या पक्ष्यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. आवाज तिथेही होते. संसाराची हाक मात्र त्या डोंगरावर पोचत नव्हती.

कथा अजून मनात आकार घेत असेल, नुसते मुद्दे काढायचे असतील, तेव्हा मात्र गलका चालतो, नव्हे मला तो हवासा वाटतो. मी एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये बसून कथांचे आराखडे काढले आहेत. रवी मेहता आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मधल्या अभ्यासात ५० डेसिबलच्या तुलनेत ७० डेसिबलच्या गजबजीत लोकांना अधिक वेगळ्या कल्पना सुचल्या, आणि ८५ ला घसरण झाली. ७० म्हणजे साधारण भरलेल्या हॉटेलातला आवाज. पण हे सुचण्याबद्दल आहे. वाक्य बांधायला बसाल तेव्हा कँटीन सोडा. टंकन, शुद्धलेखन तपासणं, पानांना क्रमांक घालणं यांना काहीही लावा, तुमची भावगीतंसुद्धा. आणि शेवटचा खर्डा मोठ्याने वाचताना तंबोराही बंद. तेव्हा खरंच निःशब्द खोली लागते, अर्धा तास का होईना. मी ती पहाटे पाचला मिळवते.

भावगीतं कायमची सोडा असं मी म्हणत नाही. तुमची कथा १९७० च्या आसपासची आहे म्हणालात. त्या काळात शिरायला त्या काळचं एखादं गाणं फार उपयोगी पडतं. लिहायला बसण्याआधी एक, पूर्ण ऐका. मग बंद करा, पाणी पिऊन या आणि बसा. दुसरं लावायचा मोह होईल, तो आवरा.

फरशी फोडण्याच्या आवाजावर गाणं चढवून ऐकू नका, हेही कळकळीने सांगते. तो आवाज झाकायला गाणं किती मोठ्याने लावावं लागतं ते तुमच्या लक्षात येत नसेल. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, तीही ८० डेसिबलला. आवाज जसा वाढेल तसे हे तास झपाट्याने कमी होतात. कान गेला तर तो परत येत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, ते घाला आणि त्या वेळेत टंकनाचं काम काढा.

काम दहाला सुरू होतं, म्हणजे त्याआधीचा वेळ तुमच्या हातात आहे. या रविवारी घरातल्यांशी कुकरचं बोलून घ्या, सोमवारपासून साडेसात ते नऊ तंबोऱ्यावर लिहून बघा. चार पानांतल्या खुणा किती निघाल्या तेही मला कळवा.