हिरवी पाटी, चिवट भाकरी

प्रश्न : कासजवळच्या एका पर्यावरणपूरक हॉटेलात ज्वारीची भाकरी चिवट, कडांना फुटलेली मिळाली. वर बिलात सेवाशुल्क! ते द्यावंच लागतं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या सूचनांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही. काढायला सांगा, ऐकलं नाही तर बिल जपून ठेवून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जीएसटी मात्र द्यावा लागेल.

भाकरीत पर्यावरणाचा काय दोष? ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे पीठ बांधून ठेवणारं प्रथिन, नसतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी (चिकटपणा) जाते, थापतानाच कडा फुटतात. अशा पिठाला उकळतं पाणी घालून मळावं लागतं. तव्यावर टाकल्यावर वरून फिरवलेलं पाणी सुकायच्या आत भाकरी उलटायची, नाहीतर तडे पडतात. आणि करून ठेवलेली भाकरी चिवट होणारच. ऑर्डर देतानाच ‘तव्यावरची गरम मिळेल का?’ असं विचारा.