सालसा शिकायला एकटी निघालेल्या मुलीस

प्रिय पोरी,

तुझा बेत वाचला. तीन आठवड्यांत हवाना, सान हुआन, काली आणि परतताना न्यूयॉर्क! वाचूनच दमले. एवढ्या धावपळीत तू नाचापेक्षा विमानतळच जास्त बघशील. एकच शहर धर आणि तिथेच मुक्काम ठोक. मला विचारशील तर कोलंबियातलं काली.

पुण्या-मुंबईत आपण बहुतेक ‘ऑन वन’ शिकतो, म्हणजे लॉस एंजेलिसच्या धाटणीचं. गिरक्या, हातांचे गुंते, नटवेपणा. कालीत हातांना फारसं कोणी विचारत नाही, सगळी करामत पायांची. डोक्यावर भरलेला हंडा असावा तसं वरचं अंग शांत, आणि खाली पाऊल कुठे पडलं ते डोळ्यांना पकडता येत नाही. असं का झालं, त्याची हकीकत तिथे कोणीही सांगेल. बाहेरून आलेल्या 33 आरपीएमच्या (मिनिटाला 33 फेऱ्यांच्या) गाण्याच्या तबकड्या तिथले लोक मुद्दाम 45 वर लावायचे. गाणं पळायला लागलं, मग पायांनाही पळावं लागलं. त्यामुळे तुझ्या इथल्या गिरक्या तिथे फारशा कामाला येणार नाहीत. पहिले काही दिवस पाटी कोरी धरून जा. शिक्षकाला स्पष्ट सांग, ‘मला नुसती पायांची मूळ पावलं घोटायची आहेत.’ नाहीतर पाहुणी खूश व्हावी म्हणून ते तुला दोन दिवसांत एक चमकदार नाच बसवून देतील. व्हिडिओ छान येईल, शिक्षण शून्य.

डिसेंबरात जायचं तुझ्या मनात आहे, कारण तेव्हा फेरिया, म्हणजे शहराची वार्षिक जत्रा, असते. 25 ते 30 डिसेंबर, आणि पहिल्याच दिवशी ‘सालसोद्रोमो’: शहरातल्या सालसा-शाळा नटूनथटून रस्त्यावरून नाचत जातात. बघण्यासारखी गोष्ट आहे, वाद नाही. (7 ऑगस्ट 1956 ला डायनामाइटने भरलेल्या लष्करी ट्रकांचा स्फोट होऊन शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला होता. त्यातून सावरताना 1957 मध्ये ही फेरिया सुरू झाली, हे तिथे उभी असताना लक्षात असू दे.) पण तुला शिकायचंय ना? मग डिसेंबर टाळ. चांगले नर्तक त्या दिवसांत तालमी आणि कार्यक्रमांत अडकलेले, खोल्यांचे भाव चढलेले. जुलै-ऑगस्ट बरा, पाऊस कमी असतो. ऊन मात्र बाराही महिने. दुपारी शहर तापतं, आणि चारच्या सुमाराला डोंगराकडून वारा सुटतो. तेव्हा सान अंतोनियोच्या टेकडीवर जाऊन बस. राहायलाही तीच वस्ती सोयीची आहे.

सकाळी तासभर शिकवणी, दुपारी झोप, रात्री नाच. झोप वगळू नकोस. क्लबात रंग चढायलाच अकरा वाजतात. ला तोपा तोलोंद्रा आणि सापेरोको ही नावं तुला सगळेच सांगतील, जरूर जा. तिथे लोक सहसा आपापल्या घोळक्यात, टेबलावर बाटली ठेवून बसतात. एकटी मुलगी कोपऱ्यात अवघडते, म्हणून सुरुवातीला शिकवणीतल्या मंडळींबरोबर जा. कुणी हात पुढे केला तर एक गाणं नाचायचं आणि आभार मानून परत यायचं. दुसरं गाणं हे बंधन नव्हे. ‘नो, ग्रासियास’ हसून म्हटलं की पुरे.

पण माझं ऐकशील तर रविवारची दुपार राखून ठेव. तिथे ‘व्हिएहोतेका’ भरतात, म्हणजे जुन्या गाण्यांवरच्या नाचाच्या बैठका, मुळात वयस्कर मंडळींसाठीच्या. सत्तरीचे आजोबा इस्त्रीची पँट, चकचकीत बूट घालून येतात. एखादा खुर्चीत बसल्या बसल्या गाण्याबरोबर घंटा वाजवत असतो आणि ताल तसूभर हलत नाही. अशा एखाद्या आजोबांबरोबर नाचलीस की कळेल, ते तुला ढकलत नाहीत, ओढत नाहीत, तरी कुठे जायचं ते समजतं. आठवडाभराच्या शिकवणीत हे मिळत नाही.

आता कागदपत्रं. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) व्हिसा असेल आणि त्याची निदान 180 दिवसांची मुदत शिल्लक असेल, तर कोलंबियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. तुझ्याकडे तो आहे की नाही ते तू लिहिलं नाहीस. काहीही असो, तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर नियम पडताळ, आणि विमान बदलायच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही बघ. लोक हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे पीतज्वराची लस. कोलंबियातून परतताना ते पिवळं कार्ड, म्हणजे लस घेतल्याचा दाखला, नसेल तर आपल्याच विमानतळावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते, आणि घेतल्यावर 10 दिवसांनी ग्राह्य धरतात. बोगोता 2,600 मीटर उंचीवर आहे. तिथे उतरलीस तर जिने चढताना धाप लागेल, घाबरू नकोस. काली जेमतेम हजारावर आहे.

रात्री रस्त्यात उभी राहून मोबाइल काढायचा नाही. गाडी क्लबाच्या आतूनच बोलाव. पेला हातातून सोडायचा नाही, आणि अनोळखी माणसाने दिलेलं काही प्यायचं नाही. गुंगीचं औषध घालून लुटतात, पुरुषांनाही. दागिने घरीच. शाकाहारी आहेस म्हणून सांगते: राजम्यासारख्या दिसणाऱ्या उसळीत, म्हणजे फ्रिहोलेसमध्ये, बऱ्याचदा डुकराचं मांस असतं. विचारून घे. पांदेबोनो (चीजचा छोटा पाव) आणि लुलादा (लुलो फळाचं सरबत) मात्र पोटभर.

आईची काळजी कळते मला. आपण कोलंबियाच्या साडेदहा तास पुढे. तिथून रात्री नऊला, नाचायला निघण्याआधी फोन केलास तर इथे सकाळचे साडेसात, तिचा चहा चालू असतो. रोज तीच वेळ पाळ, म्हणजे तीही निवांत, तूही मोकळी.

लस कधीची मिळाली ते कळव. बुटांचं नंतर बोलू. सुएडच्या तळव्याचे नवे जोड मुळीच घेऊ नकोस.

तुझी,
ताई