वाचकांचे प्रश्न : हेल्थ इन्फर्मॅटिक्सच्या मास्टर्सला अर्ज करताना

मी चार वर्षं आयसीयूत नर्स म्हणून काम करते. कोडिंग अजिबात येत नाही. माझा अर्ज पहिल्याच फेरीत बाजूला पडेल का? आणि एसओपीत (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचं उद्देशपत्र) नेमकं लिहायचं काय?

कोडिंग येत नाही एवढ्यावरून अर्ज बाजूला पडत नाही. ‘मला तंत्रज्ञानाची आवड आहे’ यापलीकडे त्यात काही नसेल तर मात्र पडतो. हेल्थ इन्फर्मॅटिक्स म्हणजे रुग्णसेवेतली माहिती, ती वापरणारी माणसं आणि यंत्रणा यांचा अभ्यास. रुग्णाची नोंद जिथे जन्माला येते ती जागा तुम्ही रोज पाहता, आणि अर्ज वाचणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं : नोंद कुठे आणि का बिघडते, हे या उमेदवाराला कळतं का?

म्हणून एसओपीची सुरुवात ‘आजच्या डिजिटल युगात’ अशा वाक्याने करू नका. वॉर्डातला एकच प्रसंग घ्या आणि तो पुरता उलगडा. उदाहरणार्थ, रात्री 2 वाजता रक्तदाब 84/50 आला. तो बेडजवळच्या चार्टवर लिहिला गेला, 2.10 ला रक्तदाब वाढवणारं औषध सुरू झालं. कॉम्प्युटरवर नोंद करायला सवड मिळाली 4.40 ला, आणि सिस्टीमने तीच वेळ लावून टाकली. आता नोंदींवरून काय दिसतं? औषध आधी दिलं आणि अडीच तासांनी रक्तदाब कोसळला. वर्षभराने याच डेटावरून कुणी औषधाचा परिणाम मोजायला बसलं, तर निष्कर्ष उलटा निघेल.

इथवर आलात की उपायाकडे वळा. मोजल्याची वेळ आणि नोंद उपलब्ध झाल्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीच्या देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एफएचआयआर (उच्चार ‘फायर’) या मानकात निरीक्षणाच्या नोंदीला ‘इफेक्टिव्ह’ आणि ‘इश्यूड’ अशा दोन जागा दिलेल्या आहेत, त्या याचसाठी. हे एक वाक्य लिहिता आलं, तर नर्सिंगमधून आलेल्या उमेदवाराने मानक उघडून पाहिलं आहे हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. वरचा प्रसंग मात्र उचलू नका, तुमचा स्वतःचा शोधा. औषधांची यादी, ॲलर्जीची नोंद, हँडओव्हर, एकाच रुग्णाचे दोन नंबर : चार वर्षांत असे कितीतरी हाताखालून गेले असतील. लिहिताना रुग्णाची ओळख पटेल असं काहीही ठेवू नका. नाव तर नाहीच, पण तारीख, बेड नंबर आणि दुर्मीळ निदान एकत्र आले तरी ओळख पटते.

शब्दमर्यादा बहुतेक ठिकाणी 500 ते 1000 शब्दांच्या आसपास असते. त्यातले साधारण 200 शब्द प्रसंगाला, तेवढेच तुम्ही स्वतः केलेल्या प्रयत्नाला द्या. उरलेल्यात तुम्हाला काय येत नाही आणि या अभ्यासक्रमातल्या कोणत्या विषयांतून ते मिळेल, हे विषयांची नावं घेऊन लिहा. विद्यापीठाचं नाव बदलून जो परिच्छेद दुसरीकडे जसाच्या तसा चालतो, तो काढून टाका.

कोडिंगचं म्हणाल तर आधी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिका, पायथन नंतर. रोज तासभर दिलात तर सिलेक्ट, जॉइन आणि ग्रुप बाय या तिच्यातल्या आज्ञा, एवढं दोन महिन्यांत हातात बसतं. त्याच्या जोडीला संख्याशास्त्राचा एखादा पायाभूत कोर्स करा, शक्यतो परीक्षा आणि गुण असलेला. नुसत्या व्हिडिओ कोर्सच्या प्रमाणपत्रापेक्षा त्याला जास्त वजन असतं.

मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. क्लीव्हलँडच्या हृदयरोग डेटावर मॉडेल बनवलं, अचूकता 90 टक्के आली. आरोग्यक्षेत्राचा अनुभव नाही. हा प्रोजेक्ट अर्जाला पुरेल का?

नाही पुरणार. तो डेटा 303 रुग्णांचा आहे आणि 1980च्या दशकातला. 20 टक्के चाचणीसाठी बाजूला काढले तर चाचणीला 61 रुग्ण मिळतात, म्हणजे एक रुग्ण इकडचा तिकडे झाला की अचूकता 1.6 टक्क्यांनी हलते. शिवाय हा प्रोजेक्ट इतक्या अर्जांत असतो की तो वाचून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही.

त्याऐवजी मॉडेल नसलेला, पण नोंदींशी दोन हात करणारा छोटा प्रोजेक्ट करा. सिंथिया हे मायटर या संस्थेचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर कृत्रिम रुग्ण तयार करतं. जावा लागतं. 1000 रुग्ण मागा आणि सीड नंबर व संदर्भ तारीख (रेफरन्स डेट) ठरवून द्या, म्हणजे पुन्हा चालवलं तरी तेच रुग्ण येतील. सीएसव्ही फायली हव्या असतील तर सेटिंगमध्ये तो पर्याय आधी चालू करावा लागतो. मग एकच प्रश्न घ्या : टाईप 2 मधुमेह असलेल्या हयात रुग्णांपैकी किती जणांची गेल्या 12 महिन्यांत एचबीए1सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी) तपासणी झाली?

प्रश्न शाळकरी वाटतो, पण करायला बसलात की एकेक गाठ लागते. 1000 रुग्ण मागितले तरी फाईलमध्ये त्याहून जास्त निघतात, कारण ती संख्या हयात रुग्णांची असते आणि मृत रुग्ण वेगळे जोडले जातात. ते वगळले नाहीत तर छेद फुगतो आणि टक्केवारी पडते. निदान स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या यादीतल्या कोडने शोधायचं (टाईप 2 मधुमेहाचा 44054006), तपासणी लॉइंक या तपासण्यांच्या यादीतल्या कोडने (एचबीए1सीचा 4548-4). निदानाच्या आणि तपासण्यांच्या फायली थेट जोडल्या की ज्याच्या चार तपासण्या झाल्या तो रुग्ण चारदा मोजला जातो. रुग्णांचे वेगवेगळे आयडी मोजा, ओळी नव्हे. आणि ‘गेले 12 महिने’ आजपासून मोजू नका, डेटा ज्या दिवशी संपतो त्या दिवसापासून मोजा. नाहीतर तीन महिन्यांनी कुणी तुमचा कोड चालवला तर वेगळाच आकडा येईल.

सिंथियाचा डेटा प्रत्यक्ष रुग्णालयाच्या मानाने फारच स्वच्छ असतो. म्हणून तो मुद्दाम मळवा. रक्तातल्या साखरेच्या पाचव्या हिश्शाच्या नोंदी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधून मिलिमोल प्रति लिटरमध्ये न्या (18 ने भागायचं, 126 चे 7 होतात) आणि एककाचा रकाना पुसून टाका. आता तुमचा कोड त्या परत ओळखू शकतो का ते पाहा. 7 हा आकडा आला तर अंदाज बांधता येतो. पण 25 आला तर? मिलिमोलमध्ये धरला तर तो 450 मिलिग्रॅम, म्हणजे भयंकर वाढलेली साखर. मिलिग्रॅममध्ये धरला तर जिवावर बेतणारी कमी साखर. दोन्हींवरचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. अशा नोंदीला अंदाजाने एकक चिकटवायचं नाही, ती वेगळी काढून माणसाकडे पाठवायची. हा निर्णय तुम्ही का घेतलात हे प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या रीडमी फाईलमध्ये चार ओळींत लिहा. आरोग्यक्षेत्राचा अनुभव नसलेल्या डेव्हलपरकडून अशा चार ओळी आल्या की वाचणारा थांबतो.

यात एक चूक हमखास होते. कृत्रिम डेटावरून ‘मधुमेहींमध्ये अमुक आजार जास्त आढळला’ असा वैद्यकीय निष्कर्ष काढू नका. ते रुग्ण ठरावीक नियमांवरून बनलेले असतात. तुम्हाला सापडतो तो आधी कुणीतरी लिहून ठेवलेला नियम.

खऱ्या रुग्णांचा डेटाच हवा असेल तर फिजिओनेट या वैद्यकीय डेटाच्या संकेतस्थळावर मिमिक या रुग्णालयीन नोंदींच्या संचाचा 100 रुग्णांचा नमुना सर्वांना खुला आहे. संपूर्ण डेटासाठी संशोधन-नैतिकतेचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं, ओळख पटवावी लागते आणि करार करावा लागतो. त्या करारानुसार डेटा तिसऱ्या कुणाला देता येत नाही, ऑनलाइन चॅटबॉटमध्ये चिकटवणंही त्यातच आलं. हातात दोन महिने असतील तरच या वाटेला जा.

बायोइन्फर्मॅटिक्स, हेल्थ इन्फर्मॅटिक्स आणि हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट एकच ना?

नाही. पहिल्यात मुख्यतः जनुकं, प्रथिनं असा रेणूंच्या पातळीवरचा डेटा असतो. दुसऱ्यात रुग्णसेवेतली माहिती, ती वापरणारी माणसं आणि यंत्रणा. तिसऱ्यात नोंदींची गुणवत्ता, कोडिंग, गोपनीयता, जतन. (तिथलं कोडिंग म्हणजे निदानाला आयसीडी या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड लावणं, प्रोग्रॅमिंग नव्हे. मुलाखतीत हा घोळ होतो.) विद्यापीठं नावं सैलपणे वापरतात, त्यामुळे नावावर न जाता सक्तीच्या विषयांची यादी वाचा. शेवटी थीसिस (संशोधन प्रबंध) आहे की कॅपस्टोन (शिकलेलं वापरून करायचा समारोपाचा) प्रोजेक्ट, हेही पाहा. पुढे पीएचडी करायची असेल तर थीसिस उपयोगी पडतो. अमेरिकेतला अभ्यासक्रम असेल तर अशा अभ्यासक्रमांची तपासणी करणाऱ्या काहीम या संस्थेची मान्यता आहे का ते तपासा.

तीन शिफारसपत्रं मागितली आहेत. कॉलेजच्या सरांना मी आठवतही नसेन, आणि साहेब म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ काय करू?

स्वतः लिहू नका. तिन्ही पत्रांची आणि एसओपीची धाटणी एकच निघाली की ते वाचणाऱ्याला कळतं, आणि मग बाकीच्या अर्जावरही संशय येतो. साहेबांना वेळ नसतो हे खरंच आहे. त्यांना एका पानाचं टिपण द्या : त्यांच्या हाताखाली किती काळ होतात, कोणती दोन-तीन कामं केलीत, त्यांतून काय बदललं (आकड्यात सांगता आलं तर आकड्यात), कोणत्या कामात अडखळलात आणि पुढे ते कसं सावरलंत. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात, पण खऱ्या ओळखीची खूण तीच असते. टिपण तुमचं, पत्र त्यांचं.

सरांना मेल करताना वर्ष, विषय, मिळालेले गुण आणि तुम्ही केलेला प्रोजेक्ट कळवा, जुना रिपोर्ट जोडा. मोठ्या हुद्द्याच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाच्या पत्रापेक्षा रोज काम पाहणाऱ्याचं पत्र केव्हाही चांगलं. एक पत्र शिक्षकाचं आणि निदान एक आरोग्यसेवेतल्या कुणाचं असावं. मुदतीच्या सहा आठवडे आधी सांगा, दहा दिवस राहिले की एकदा आठवण करा. पत्राची लिंक विद्यापीठाकडून थेट त्यांच्या मेलवर जाते आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते, म्हणून ‘लिंक आली का’ हे त्याच दिवशी विचारून घ्या. शक्यतो त्यांचा कामाच्या ठिकाणचा मेल पत्ता द्या. पत्र वाचण्याचा हक्क सोडता का, असं फॉर्म विचारत असेल तर सोडा. उमेदवार वाचणार नाही हे ठाऊक असलेल्या पत्रावर जास्त विश्वास ठेवला जातो.

पदवीला संख्याशास्त्रात काठावर पास झालो. जीआरई ही प्रवेशपरीक्षा देऊन ते भरून निघेल का?

पुष्कळ अभ्यासक्रम आता जीआरई मागत नाहीत, तेव्हा आधी ते पाहा. मागत नसतील तर तीन महिने जीआरईवर घालवण्यापेक्षा संख्याशास्त्राचा गुण देणारा कोर्स पुन्हा करा आणि चांगले गुण आणा. कमी गुणांबद्दल एसओपीत दोन वाक्यं पुरे, एक कारणाचं आणि एक त्यानंतर काय केलंत त्याचं. जीआरईचा निकाल पाच वर्षं आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा दोन वर्षं ग्राह्य धरतात, तारखा जुळतात ना ते बघा.

सगळं तयार आहे. शेवटच्या आठवड्यात काय फसतं?

सगळ्यात जास्त अडकतं ते ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या विषयांचा आणि गुणांचा अधिकृत दाखला). ते काही विद्यापीठं थेट तुमच्या कॉलेजकडून मागतात, काहींना बाहेरच्या संस्थेकडून प्रत्येक विषयाचं मूल्यांकन लागतं, आणि दोन्हींना आठवडे जातात. गुणांचं दुसऱ्या पद्धतीत रूपांतर स्वतः करू नका. फॉर्ममध्ये गुणपत्रिकेवर आहेत तसेच गुण आणि कमाल गुण भरा. पासपोर्ट, गुणपत्रिका आणि परीक्षेचा निकाल यांवरच्या नावाचं स्पेलिंग ताडून पाहा. एक अक्षर वेगळं असलं तरी निकाल कधीकधी अर्जाला जोडला जात नाही आणि अर्ज ‘अपूर्ण’ दिसत राहतो.

मुदतीची वेळ विद्यापीठाच्या घड्याळाप्रमाणे असते. शिष्यवृत्तीची मुदत बऱ्याच ठिकाणी प्रवेशाच्या मुदतीच्या आधी संपते आणि ती वेगळ्या पानावर दिलेली असते. अर्ज पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी पोर्टल उघडून प्रत्येक कागदासमोर ‘मिळाले’ असं दिसतंय का ते पाहा. नसेल तर अर्ज क्रमांक विषयात घालून प्रवेश कार्यालयाला मेल करा आणि तो कागद पीडीएफ करून सोबत जोडा.