गरवणाऱ्यांचे प्रश्न : ल्युअर हलत का नाही?

प्रश्न : रेवदंड्याच्या खाडीत जिताड्यासाठी गरवतो. रीलवर 30 पौंडांचा ताण सोसणारा ब्रेड (विणलेली दोरी), पुढे 50 पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर (ल्युअरआधीचा ताठ, पारदर्शक दोरीचा तुकडा). बोटभर लांबीचा तरंगता ल्युअर (नकली मासा) नेहमीच्या क्लिंच गाठीने घट्ट बांधतो. मित्राचा तसाच ल्युअर बारीक लीडरवर झकास वळवळतो, माझा सरळसोट ओढला जातो. लूपची गाठ, म्हणजे कडीभोवती मोकळा फासा ठेवणारी, मारू का? कुठली? की स्नॅप (उघडमिट करणारी छोटी क्लिप) लावून मोकळं व्हावं?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : ल्युअरमध्ये खोट नाही, गाठीने त्याचं नाक आवळून धरलंय. 50 पौंडांचा फ्लुरोकार्बन चांगलाच ताठ असतो. घट्ट गाठीत तो कडीला चिकटून बसतो आणि ल्युअरला डावी-उजवीकडे डोकं फिरवू देत नाही. पण म्हणून लीडर बारीक करू नका. जिताड्याचं तोंड कानशीसारखं खरखरीत, गालफडाची कड धारदार, आणि खाडीत जिथे तो दबा धरून असतो तिथे खांबाखांबावर कालवं. जाड लीडर हवाच, म्हणूनच लूपही हवा.

मी स्वतः न सरकणारा मोनो (एकेरी धाग्याच्या तंगुसाचा) लूप मारतो. अमेरिकेतले नामांकित फ्लाय-गरवे (पिसं-केसांच्या हलक्या आमिषाने, म्हणजे फ्लायने, गरवणारे) लेफ्टी क्रे (1925–2018) यांनी तो लोकप्रिय केला, त्यामुळे बरेच जण त्याला क्रे लूपच म्हणतात. लीडरच्या टोकापासून वीतभर सोडून एक साधी गाठ घ्या, आवळू नका. टोक ल्युअरच्या कडीतून ओवा. आता नीट बघा : टोक साध्या गाठीतून ज्या बाजूने बाहेर आलं होतं, त्याच बाजूने परत आत घाला. मग मुख्य दोरीभोवती वेढे द्या आणि टोक पुन्हा साध्या गाठीत घाला, तेही आत्ता ज्या बाजूने बाहेर पडलं त्याच बाजूने. बाजू चुकली तर गाठ वेडीवाकडी बसते आणि तिथेच तुटते. बरोबर जमली तर कापलेलं टोक ल्युअरकडे तोंड करून राहतं, त्यामुळे शेवाळ कमी अडकतं.

वेढे किती, हे तंगुसाच्या जाडीवर. 6 पौंडांपर्यंत 7, 8 ते 12 ला 5, 15 ते 40 ला 4, आणि तुमच्या 50 ला 3 पुरेत. जाड लीडरवर जास्त वेढे दिले तर ते एकमेकांवर चढतात, गाठ आवळतच नाही.

आवळण्यापूर्वी साधी गाठ कडीच्या जवळ सरकवून आणा, कारण लूप केवढा होणार ते तिथेच ठरतं. करंगळीच्या नखाएवढा बस्स. मोठा लूप फेकताना पुढच्या तिहेरी गळात अडकतो. मग थुंकी लावून ओलं करा आणि आधी टोक हळूहळू ओढून वेढे बसवा, नंतर लूप आणि मुख्य दोरी विरुद्ध दिशांना ताणा. कोरडी गाठ झटक्यात ओढली की घर्षणाच्या उष्णतेने फ्लुरोकार्बन दुबळा होतो. गाठीलगत लीडर कुरळा दिसला तर जीव न अडकवता कापा, नवी मारा. मी गाठ झाली की जेटीच्या पायरीशी ल्युअर हातभर पाण्यात ओढून बघतो. डोकं हललं तरच पुढे फेकायचा.

रापाला गाठ याच घराण्यातली. तिचं नाव फिनलंडच्या लाउरी रापाला यांच्या कंपनीवरून पडलंय, त्यांनी 1936 मध्ये पहिला ल्युअर घडवला. त्या गाठीत टोक शेवटी आणखी एका फेऱ्यातून जातं. मध्यम लीडरवर ती सुंदर बसते, 50 पौंडांवर मात्र बोजड होते.

स्नॅपला माझा सरसकट विरोध नाही. ल्युअर सारखे बदलायचे असतील तर लहान पण दणकट स्नॅप चालेल. पण तुमच्या बोटभर तरंगत्या ल्युअरच्या नाकावर ते जास्तीचं वजन कशाला? ल्युअरला आधीच स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारखी दुपदरी कडी) असेल तर मात्र लूपचा फायदा कमी होतो, शिवाय लीडर रिंगच्या फटीत शिरून कापला जाऊ शकतो. तिथे गाठ फटीपासून दूर आहे ना, दर थोड्या वेळाने बघा.

आणि लूप ब्रेडवर थेट मारू नका. ब्रेड गुळगुळीत, गाठ सरकते. मऊ असल्यामुळे गळाभोवती गुंडाळलाही जातो. लूप लीडरवरच.

प्रश्न : फ्लायलाही लूपच बांधावा का? युनी गाठीचा सरकता लूप मला सोपा वाटतो.
— एक वाचक, पुणे

उत्तर : पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायला घट्ट गाठ. माशासारख्या पोहणाऱ्या फ्लायला लूप. क्लाउझर मिनोचं उदाहरण घ्या : डोक्याशी जड डोळे बांधलेले असतात, ओढ थांबवली की डोकं खाली झुकतं आणि पुन्हा ओढली की वर येतं. जाड टिपेटवर (लीडरच्या फ्लायकडच्या टोकावर) घट्ट गाठ मारली तर ही सगळी करामत मरते. युनीचा सरकता लूप मासा लागल्यावर बंद होतो आणि दर माशानंतर पुन्हा उघडावा लागतो. ते लक्षात राहणार असेल तर खुशाल वापरा.

प्रश्न : सुरमई लूपसकट ल्युअर कापून नेते. वेढे वाढवू का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : वेढ्यांनी काही होणार नाही, तिचे दातच तसे. वीतभर एकेरी स्टीलची तार लावा. तारेला गाठ मारायची नसते, हेवायर पीळ द्यायचा : आधी दोन्ही पदर एकमेकांत समान पिळायचे, एकावर दुसरा गुंडाळायचा नाही, नाहीतर ताणाखाली सुटतो. त्यानंतर टोकाचे काही घट्ट वेढे काटकोनात. उरलेलं टोक पक्कडीने कापू नका, टोकाला कोन देऊन पुढे-मागे वाकवा, वेढ्यालगत आपोआप तुटतं. कापलेल्या टोकाची धार राहते आणि मासा हातात घेताना तळवा फाडते.