रिपोर्ट चांगला आलाय, गोळी बंद करू का?

प्रश्न : वय ५४. २०१६ पासून सीएमएलसाठी (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) इमॅटिनिब ४०० रोज घेतो. गेली तीन वर्षं बीसीआर-एबीएल (या आजाराची खूण असलेलं जनुक) ०.०१ टक्क्याच्या खाली आहे. पायात गोळे येतात, डोळ्यांखाली सूज असते. गोळी थांबवता येईल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : येईल, पण मनानं नाही, रक्तविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. पाच वर्षांहून जास्त गोळी आणि तीन वर्षं ०.०१च्या खाली, हे तुमच्या जमेचं. आजार कायम क्रॉनिक (सुरुवातीच्या, संथ) टप्प्यातच होता ना, गोळी कधी निकामी ठरली नव्हती ना, हे डॉक्टर फाइलवरून तपासतील.

रिपोर्टमध्ये टक्केवारीच्या शेजारी एबीएलच्या (तुलनेसाठी मोजल्या जाणाऱ्या जनुकाच्या) प्रती किती, तेही बघा. त्या १०,००० पेक्षा कमी असतील तर नमुना कमजोर. मग 'शून्य' लिहिलेलं असलं तरी त्याला अर्थ नाही.

बंद केल्यावर जवळजवळ निम्म्या लोकांत आजार परत डोकं वर काढतो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत. म्हणून सहा महिने दरमहा पीसीआर (बीसीआर-एबीएल मोजणारी रक्ततपासणी), मग वर्ष होईपर्यंत दोन महिन्यांनी, पुढे कायम तीन महिन्यांनी. साध्या सीबीसीवर (रक्तपेशींच्या मोजणीवर) विसंबू नका, त्यात हे फार उशिरा कळतं. आकडा ०.१च्या वर गेला की गोळी लगेच सुरू. वेळेत सुरू केली तर जवळपास सगळ्यांचा आजार पुन्हा आटोक्यात येतो.

आपल्याकडची खरी अडचण नमुन्याची. तो पुण्या-मुंबईला जाणार असेल तर रक्त शक्यतो २४ तासांत, फार तर ४८ तासांत लॅबमध्ये पोचायला हवं, नाहीतर आरएनए (ज्यावरून पीसीआर होते तो रेणू) तुटतो. शनिवारी रक्त देऊ नका. लॅब दरवेळी एकच, आंतरराष्ट्रीय स्केलवर रिपोर्ट देणारी. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद होता, हे आठवा. गोळी दसऱ्यानंतर थांबवली तर नाजूक सहा महिने पावसाळ्याआधी उरकतात. घाई कशाची?

थांबवल्यावर काही आठवड्यांत खांदे, कंबर, सांधे दुखू लागले तर घाबरू नका. साधारण चारांत एकाला हे होतं. तो आजार उलटल्याचा पुरावा नव्हे. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या, बहुतेकांचं काही महिन्यांत ओसरतं.

महिनाभराच्या गोळ्या घरात ठेवा. मोफत योजनेतून मिळत असतील, तर पुन्हा लागल्यास नाव चालू राहील का, हे थांबवण्याआधी विचारून घ्या.