वाचकांचे प्रश्न : सिस्टर नेमके काय करीत असतात?

प्रश्न : वडिलांना न्यूमोनिया झाल्याने आम्ही त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात दाखल केले होते. हाक मारल्यावर सिस्टर लगेच येत नसत, आणि आल्या तरी बराचसा वेळ कागदांवर काहीतरी लिहिण्यात जात असे. रुग्णाकडे लक्ष देणे हे त्यांचे पहिले काम नव्हे काय? — एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : रुग्णाकडे लक्ष देणे हेच त्यांचे पहिले काम आहे आणि आपण ज्याला लिहिणे म्हणता, ते त्याच कामात मोडते. त्या कागदांवर नाडी, रक्तदाब, ताप, श्वासाचा वेग, शरीरात गेलेले द्रव आणि झालेली लघवी यांची वेळेसह नोंद असते. प्रौढ माणूस विश्रांतीत असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. न्यूमोनियाच्या रुग्णाचा हा आकडा सकाळी २२, दुपारी २६ आणि संध्याकाळी ३० झाला, तर तो स्वतः "बरे वाटते आहे" म्हणत असला तरी सिस्टर डॉक्टरांना बोलावून घेतात. तोवर चेहऱ्यावर किंवा बोलण्यात फरक दिसत नसल्यामुळे नातेवाइकांना धोक्याची कल्पनाही आलेली नसते. डॉक्टर राउंडला येतात आणि पुढच्या वॉर्डात जातात. मधल्या साऱ्या तासांत रुग्णाच्या प्रकृतीत होणारा बदल टिपणे, तो किती गंभीर आहे हे ठरवणे आणि योग्य वेळी योग्य माणसाला कळवणे ही जबाबदारी परिचारिकेची असते. या व्यवसायाचा गाभा मला या निर्णयशक्तीत दिसतो. सांगितलेले इंजेक्शन टोचणे हा त्याचा केवळ एक भाग आहे.

तो भागही वाटतो तितका सोपा नाही. औषध देण्यापूर्वी रुग्ण तोच, औषध तेच, मात्रा तीच, मार्ग तोच आणि वेळ तीच आहे ना, हे दर वेळी नव्याने पडताळावे लागते. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते, त्यामुळे अशा औषधांची तपासणी दोघींनी मिळून करावी असा दंडक आहे. रक्त चढवताना पहिली पंधरा मिनिटे सिस्टरने रुग्णाजवळ थांबणे अपेक्षित असते, कारण रक्त न जुळल्याची गंभीर प्रतिक्रिया बहुधा याच वेळात दिसू लागते. त्या वेळी चार खाटा पलीकडून आलेल्या हाकेला त्या उठून गेल्या नाहीत, तर ते योग्यच म्हणावे लागेल.

मनुष्यबळाचा प्रश्न खरा कठीण आहे. अध्यापन रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डासाठी भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण तीन रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. ऐकायला ते पुरेसे वाटते, पण दिवस तीन पाळ्यांत विभागला की प्रत्येक पाळीत नऊ रुग्णांमागे एकच परिचारिका उरते, आणि रजा-सुट्ट्यांसाठी जी सुमारे ३० टक्के जादा पदे धरायची असतात ती न भरल्यास हा भार आणखी वाढतो. आपल्या अनेक सार्वजनिक रुग्णालयांत खाटा भरल्यावर जमिनीवर गाद्या घातल्या जातात. तिथे एका सिस्टरकडे यापेक्षा कितीतरी जास्त रुग्ण असतात. अशा वेळी इंजेक्शने कशीबशी वेळेवर दिली जातात, पण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, त्याची पाठ तपासणे, श्वास पूर्ण मिनिटभर मोजणे ही निरीक्षणाची कामे मागे पडतात. पुरेसे हात आणि निष्ठा एकत्र आली की काय साधते, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी दाखवून दिले आहे. हल्ल्यानंतर अचेतावस्थेत गेलेल्या आपल्या सहकारी परिचारिका अरुणा शानबाग यांची त्यांनी २०१५ पर्यंत, चार दशकांहून अधिक काळ शुश्रूषा केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्या सेवेचा आवर्जून गौरव केला.

आपल्याला एक विनंती आहे. "सिस्टर, बघा जरा" असे म्हणण्याऐवजी "बाबांना आत्ता धाप लागली आहे", "सलाईनचा हात सुजला आहे" असे नेमके सांगावे. कोणाकडे आधी धावायचे हे त्यांना त्यावरून ठरवता येते.

प्रश्न : मुलीला बारावीनंतर नर्सिंगला जायचे आहे. धाकटा मुलगाही तेच म्हणतो, पण घरातील वडीलधारी मंडळी नाराज आहेत. काय करावे? — एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर : दोघांनाही जाऊ द्यावे. अतिदक्षता विभागात, शस्त्रक्रियागृहात आणि अपघात विभागात आज अनेक 'ब्रदर' उत्तम काम करीत आहेत. बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असून त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिसेवा) ही तीन वर्षांची पदविका आहे. प्रवेशापूर्वी संस्थेची इमारत पाहण्यापेक्षा तिला भारतीय आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकण्यासाठी रुग्णांनी भरलेले रुग्णालय जोडलेले आहे का, हे पाहावे. रिकाम्या वॉर्डात परिचर्या शिकता येत नाही.

प्रश्न : मी खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. पगार तुटपुंजा आहे, आणि गेल्या महिन्यात एका रुग्णाच्या नातेवाइकाने अंगावर हात टाकला. व्यवस्थापन म्हणते, प्रकरण वाढवू नका. — एक परिचारिका, पुणे

उत्तर : आपण हे लिहिलेत ते चांगले केलेत. हल्ला मुकाट्याने सोसणे हा सेवेचा भाग नाही. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध २०१० चा कायदा आहे आणि त्यात परिचारिकांचा समावेश आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घटनेची तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून काढावेत, व्यवस्थापनाला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि पोलिसांत तक्रार नोंदवावी.

पगाराबाबत, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे आणि ५० पेक्षा कमी खाटा असतील तिथेही ते २०,००० रुपयांहून कमी नसावे, अशी शिफारस केली. ही शिफारस आहे, सक्तीचा कायदा नव्हे, आणि तिची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे, याचा मला मनापासून खेद वाटतो. तरीही वाटाघाटीत तिचा आधार घेता येतो, आणि एकटीने मागण्यापेक्षा वॉर्डातील सर्वांनी संघटनेमार्फत लेखी मागणी केल्यास तिला अधिक वजन येते.