पियानोवादक ग्लेन गूल्ड ऐकायला घेताय?
त्याच्या विक्षिप्तपणाचे किस्से नंतर वाचा. आधी संगीतकार बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' या रचनेची दोन्ही ध्वनिमुद्रणं मिळवा, १९५५ आणि १९८१ची. पहिल्यात बाविशीतला पोरगा सुसाट सुटलाय, साधारण ३८ मिनिटांत खेळ खलास! दुसरं ५१ मिनिटांचं. त्यात काही भागांच्या पुनरावृत्त्याही घेतल्यात. नुसता सुरुवातीचा आरिया, म्हणजे रचनेची मूळ धून, आलटूनपालटून ऐका, फरक लगेच कानात भरेल. मागे गुणगुण ऐकू आली तर हेडफोनला दोष देऊ नका, तोच गातोय. बसायचा वडिलांनी करून दिलेल्या बुटक्या खुर्चीवर, नाक जवळजवळ पट्ट्यांना टेकलेलं. १९६४मध्ये, ऐन एकतिशीत, मैफली कायमच्या सोडून स्टुडिओत रमला. मोत्झार्ट मात्र इतक्यात त्याच्याकडून ऐकू नका. तिथे तो मुद्दाम खोड्या काढतो, असं माझं मत.